आच्चीचा हिशेब

मनोरमा म्हटलं की आपल्याकडच्या माणसाला ‘सीता और गीता’मधली (१९७२) ती डोळे गरागरा फिरवणारी, हेमामालिनीला छळणारी चाची आठवते. मी आजवर ज्यांच्यापुढे हा विषय काढला, त्यांतल्या बहुतेकांनी लगेच त्या चाचीची नक्कल करून दाखवली. मग मला सांगावं लागतं, ती निराळी, ती हिंदीतली. मी म्हणतोय ती तमिळ मनोरमा. तमिळनाडूत तिला नावानं सहसा कुणी हाक मारत नसे. लहानथोर सगळे ‘आच्ची’ म्हणत. चेट्टिनाड भागात घरातल्या मोठ्या बाईला, आजीला आच्ची म्हणतात. आपल्या ‘आक्का’ आणि ‘आजी’ यांच्या मधलं काहीतरी समजा.

एवढं सांगितल्यावर समोरचे गृहस्थ थोडा विचार करतात आणि विचारतात, ‘‘म्हणजे ती हजार सिनेमेवाली? गिनेस बुकात जिचं नाव होतं ती?’’

तीच. आणि इथेच माझी चिडचिड सुरू होते.

आकडा खोटा आहे असं माझं म्हणणं नाही. १९५८ साली तिचा पहिला चित्रपट आला आणि १० ऑक्टोबर २०१५ रोजी वयाच्या ७८ व्या वर्षी ती चेन्नईत गेली, तोवर हजाराची वेस तिनं केव्हाच ओलांडली होती. कुणी बाराशे सांगतं, कुणी पंधराशे. ती गेल्यावर मी वाचलेल्या प्रत्येक मृत्युलेखात हा आकडा पहिल्या दोन ओळींत होता. माझी तक्रार एवढीच, की आकडा सांगून झाला की सांगणाऱ्याला आपण तिचा पुरेसा मान राखल्यासारखं वाटतं, आणि त्या हजारांत तिनं केलं काय, हे विचारायचं राहूनच जातं.

माझी सगळी नोकरी बँकेत गेली, त्यामुळे आकड्यांशी माझं वैर नाही. पण बँकेत एक गोष्ट फार लवकर कळते. ज्याच्या पासबुकात नोंदी पुष्कळ, तो खातेदार श्रीमंत असतोच असं नाही. उलट रोज थोडं भरणारा आणि रोज थोडं काढणारा, त्याचंच पासबुक लवकर संपतं आणि दर तीन महिन्यांनी तो नवं मागायला काउंटरवर येतो. मनोरमाच्या हजार चित्रपटांकडे पाहताना मला नेहमी असं भरलेलं पासबुक आठवतं.

साधा भागाकार करून पाहा. चाळीस वर्षांत हजार चित्रपट धरले तरी वर्षाला पंचवीस पडतात, म्हणजे महिन्याला दोन. कुठल्याही नायिकेला हे शक्य नाही. मनोरमाला शक्य झालं, कारण तिच्या वाट्याला चित्रपटाचा तुकडा येत असे. त्या काळच्या तमिळ चित्रपटांत विनोदाचा धागा बऱ्याचदा मुख्य कथेपासून वेगळाच असे. नायक-नायिका रडताहेत, खलनायक मिशा पिळतोय, आणि मध्येच दहा मिनिटं एखादा नोकर आणि एखादी मोलकरीण यांची जुगलबंदी. हा भाग वेगळा लिहायचा, मोजक्या दिवसांत चित्रित करायचा आणि मूळ चित्रपटात ठिकठिकाणी जोडून द्यायचा. तो काढून टाकला तरी कथेचं काही बिघडत नसे. मात्र तो काढला तर पिटातलं पब्लिक तिकीट काढत नसे, हेही तितकंच खरं. या तुकड्यातुकड्यांतून तो हजाराचा आकडा उभा राहिला आहे.

तिच्या आयुष्याची सुरुवात थोडक्यात सांगायला हवी. जन्म २६ मे १९३७ चा, मन्नारगुडीचा. मूळ नाव गोपीशांता. वडिलांनी आईला टाकलं, आणि आई पोरीला घेऊन चेट्टिनाडातल्या पळ्ळत्तूर या गावी आली. हा भाग आम्हा बँकवाल्यांना नावानं ठाऊक असतो. नाट्टुकोट्टै चेट्टियार म्हणजे सावकारीतले मातब्बर लोक. ब्रह्मदेशापर्यंत त्यांचा पैसा फिरत होता. इंडियन ओव्हरसीज बँक याच समाजातल्या चिदंबरम चेट्टियारांनी काढली. कारैकुडी, मद्रास आणि रंगून अशा तीन ठिकाणी एकाच दिवशी कारभार सुरू झाला, तो १० फेब्रुवारी १९३७ रोजी. म्हणजे मनोरमा त्या बँकेहून साडेतीन महिन्यांनी लहान. त्या कारैकुडीच्या परिसरात चेट्टियारांचे बर्मी सागवानाच्या खांबांचे, इटालियन फरशीचे वाडे आजही लोक मुद्दाम पाहायला जातात. असल्या श्रीमंत गावात मनोरमाची आई धुणीभांडी करून पोट भरत होती. शाळा अर्धवट सोडून मुलगीही त्याच कामाला लागली. बाराव्या वर्षी ती नाटकात शिरली, तिथेच तिचं मनोरमा हे नाव पडलं, आणि गावातले लोक तिला ‘पळ्ळत्तूर पाप्पा’, म्हणजे पळ्ळत्तूरची बाळी म्हणू लागले.

नाटकातून ती मद्रासला आली ती नायिका व्हायला. एस. एस. राजेंद्रन यांच्या नाटक मंडळीत तिनं मोठ्या भूमिका केल्या होत्या, आवाज होता, गळा होता. पण कवी कण्णदासन यांनी ‘मालैयिट्ट मंगै’ (१९५८) या आपल्या चित्रपटात तिला विनोदी भूमिका दिली. पुढे मनोरमा मुलाखतींतून सांगत असे, की मला ती नको होती. तेव्हा कण्णदासननी समजावलं की नायिका झालीस तर तीन-चार वर्षं टिकशील, विनोदी कामं केलीस तर जन्मभर टिकशील. १९६३ साली ‘कोंजुम कुमरी’मध्ये ती नायिका झाली खरी, पण तो रस्ता काही रुळला नाही. कण्णदासननी वर्तवलेलं भविष्य अक्षरशः खरं ठरलं.

सगळे हा किस्सा कण्णदासनच्या दूरदृष्टीचा म्हणून सांगतात. मला तो वाचला की कर्ज मागायला आलेल्या हुशार पोराला पेन्शनीची नोकरी धर म्हणून सांगणारे मॅनेजरसाहेब आठवतात. सल्ला चुकीचा नव्हता. वीस वर्षांची, टाकलेल्या आईचा भार असलेली मुलगी दुसरं काय करणार? तिनं तो मानला आणि तो फळला. पण नायिकेला तीन-चार वर्षंच का मिळावीत, आणि बाईला टिकायचं असेल तर आपलं सगळं दुसऱ्यांच्या गोष्टीत का खर्च करावं लागावं, हा प्रश्न या किश्शात कुणी विचारत नाही.

तिच्या आधी तमिळ पडद्यावर विनोदी बाया नव्हत्या असं नाही. टी. ए. मथुरम होत्या, त्या एन. एस. कृष्णन यांच्या पत्नी. एम. सरोजा होत्या, त्या तंगवेलूंच्या. म्हणजे विनोदी नट आणि त्याची घरची जोडीदारीण, असा तो मामला होता. मनोरमा कुणाच्या जोडीनं आली नाही. १९६४ मध्ये तिनं नाटकातल्याच एका नटाशी लग्न केलं, मुलगा झाला, आणि दोन वर्षांत ते लग्न मोडलं. पडद्यावर मात्र नागेश, चो, तेंगै श्रीनिवासन, सुरुळीराजन असे जोडीदार येत गेले, जात गेले, आणि ही आपल्या जागी उभी होती. एकट्या बाईनं, कुणाची बायको म्हणून नव्हे तर स्वतःच्या नावावर, हशा वसूल करायचा हे तिथं तिनं रुजवलं. कोवै सरलासारख्या पुढच्या पिढीतल्या बायांना तो रस्ता आयता मिळाला.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. ती मला कळली ती पुस्तकातून नव्हे, आमच्या बँकेच्या मद्रास शाखेतल्या हेड कॅशियरांमुळे.

१९८८ ते १९९१ मी मद्रासला होतो. बदली ऐकून घरी रडारड झाली होती, ते सोडा. भाषा येत नाही, संध्याकाळ जात नाही, म्हणून मी सिनेमे पाहू लागलो. हेड कॅशियर पन्नाशीचे, कपाळाला विभूती, आणि सिनेमाचे अस्सल वेडे. शनिवारी अर्धा दिवस कामकाज आटोपलं की म्हणायचे, ‘‘सार, आज चलना है.’’ थिएटरात ते माझ्या शेजारी बसून कानात कुजबुजत भाषांतर करायचे. गंमत अशी, की नायक काय म्हणतो ते सांगायचे; नायिका काय म्हणते तेही सांगायचे; आणि मनोरमा पडद्यावर आली की काय म्हणते ते सांगायचे सोडून कुठलं बोलते ते सांगायचे. ‘‘सार, अब मदुरै.’’ ‘‘सार, ये हमारा ब्राह्मिन घर का तमिळ.’’ ‘‘सार, ये पूरा मद्रास, रिक्षावाला मद्रास.’’ मला सुरुवातीला वाटायचं, या माणसाला विचारतोय काय आणि हा सांगतोय काय! संवादाचा अर्थ सांगा ना राव!

अर्थ तोच होता, हे मला पुढे कळलं.

तमिळ ही लिहायची वेगळी आणि बोलायची वेगळी भाषा. जुन्या चित्रपटांत नायक-नायिका बऱ्याचदा लिहायची तमिळ बोलत. द्रविड चळवळीतल्या लेखकांनी तर संवादांना वक्तृत्वाची झळाळी आणली होती. आपल्याकडच्या जुन्या बोलपटांतला नायक जसा ‘‘प्रिये, तुजविण’’च्या आसपास बोले, तसं समजा. त्या झळाळत्या तमिळमध्ये तूत्तुकुडीचा कोळी, कोइम्बतूरकडची शेतकरीण, मद्रासच्या झोपडपट्टीतली मच्छीवाली यांचं तोंड कुठे होतं? ते मनोरमाकडे होतं. के. बालचंदर यांच्या ‘अनुभवी राजा अनुभवी’मध्ये (१९६७) ती नागेशबरोबर दक्षिण किनाऱ्याकडची बोली बोलते. ‘बोम्मलाट्टम’मध्ये (१९६८) चोबरोबर तिचं एक गाणं आहे, अस्सल मद्रास भाषेतलं. मद्रास भाषा म्हणजे तमिळमध्ये उर्दू, तेलुगू, इंग्रजी जे सापडेल ते कोंबून झालेली रस्त्यावरची बोली. सोज्वळ घरांत ती पोरांच्या तोंडून निघाली तर पाठीत धपाटा मिळायचा. ते गाणं मनोरमानं स्वतः गायलं, तिच्याबरोबर चोसाठी आवाज चंद्रबाबूंचा. आज पन्नास-पंचावन्न वर्षांनीही मद्रासची माणसं ते म्हणतात, आणि म्हणताना खांदे आपोआप उडू लागतात.

गाण्यावरून आठवलं. ‘दो फूल’ (१९७३) या हिंदी चित्रपटात मेहमूदचं एक तमिळ शब्द घोळवलेलं गाणं होतं. आमच्या गणेशोत्सवात ते कर्ण्यावर वाजायचं आणि आम्ही पोरं त्यावर लुंगी लावल्याचा आव आणून नाचायचो. ‘मद्रासी’ म्हणजे हसायची गोष्ट, एवढंच आम्हांला ठाऊक. तो चित्रपट ‘अनुभवी राजा अनुभवी’चाच हिंदी अवतार होता, आणि मूळ तमिळ गाण्यात नागेशसमोर मनोरमा होती, हे मला मद्रासला गेल्यावर कळलं. मूळ गाण्यात ती एका विशिष्ट किनाऱ्यावरची, विशिष्ट बोलीची बाई होती. आमच्यापर्यंत येईतो त्यातून किनाराही गेला, बोलीही गेली आणि उरला तो नुसता मद्रासी. तिनं स्वतः मेहमूदच्या ‘कुंवारा बाप’मध्ये (१९७४) काम केलं, पण तिथं तरी दुसरं काय होणार होतं?

कमल हासनचा ‘अप्पू राजा’ आपल्याकडे खूप चालला. मूळ ‘अपूर्व सगोदरर्गळ’ (१९८९) मी मद्रासला पाहिला होता. त्यातल्या राजा मेकॅनिकला वाढवणारी आई मनोरमा आहे. तिचा मुनियम्मा हा अवतार आणि तिची ती तोंडाळ माया तुम्हीही पाहिली असेल. पाहिली असेल, पण ऐकली नसेल. हिंदीत डब झालेल्या चित्रपटात ती कुठल्याही हिंदी चित्रपटातली कुठलीही आई होते. मनोरमा आपल्यापर्यंत पोचली नाही याचं कारण मला यात दिसतं. शिवाजी गणेशनचे डोळे भाषांतराशिवाय कळतात, पद्मिनीचं नृत्य कळतं. मनोरमाचं निम्मं काम कानानं पाहायचं होतं.

इथे मला एक कबुली द्यायची आहे. माझी पहिली कादंबरी मी मद्रासहून परतल्यावर लिहिली. पुण्यातलं एक मध्यमवर्गीय घर, त्यात भांडी घासायला येणारी एक बाई. परीक्षणं बरी आली. एका वाचकानं मात्र पोस्टकार्ड पाठवलं: तुमच्या कादंबरीत कामवाल्या बाई अकरा वेळा येतात, त्या कुठल्या गावच्या? मी पुस्तक काढून पाहिलं. अकरा वेळाच येत होत्या. ‘‘बाईसाहेब, येते मी’’, ‘‘बाईसाहेब, साबण संपला’’, यापलीकडे एक अक्षर त्यांच्या तोंडी नव्हतं, आणि होतं ते कुठलंच नव्हतं. ना मावळातलं, ना सोलापूरकडचं, ना मराठवाड्यातलं. तीन वर्षं ‘‘सार, अब मदुरै’’ ऐकून आलेल्या माणसानं हे लिहिलं होतं. त्यांना मी नावसुद्धा दिलं नव्हतं. मनोरमाला असल्या भूमिका शेकड्यांनी आल्या असणार. लेखकानं कागदावर ‘मोलकरीण’ एवढंच लिहिलेलं, आणि हिनं सेटवर उभं राहून तिला गाव द्यायचं, जात द्यायची, चालण्यातली लचक द्यायची, नवऱ्यावरचा राग द्यायचा. आमच्यासारख्यांनी न केलेलं काम ती पडद्यावर पुरं करून देत होती. त्या पोस्टकार्डाला मी उत्तर पाठवलं नाही. काय पाठवणार?

असो. तिची सगळ्यांत गाजलेली भूमिका ‘तिल्लाना मोहनाम्बाळ’मधली (१९६८). कोत्तमंगलम सुब्बु यांची ‘आनंद विकटन’मधली कादंबरी, ए. पी. नागराजन यांचं दिग्दर्शन. नादस्वरवादक शिवाजी गणेशन आणि नर्तिका पद्मिनी यांच्या मानी प्रेमाची ती गोष्ट. (शिवाजी महाराजांची भूमिका करून ज्यांच्या नावामागे ‘शिवाजी’ लागलं तेच हे गणेशन.) त्यात मनोरमा ‘जिल जिल रमामणी’ नावाची नाटक कंपनीतली नटी आहे. भडक साडी, बोलण्यात ठसका, आणि नायकाच्या कलेवर मनापासून भाळलेली. प्रसंग मोजके. पण तमिळ माणसाला त्या चित्रपटाबद्दल विचारा, नादस्वराच्या आधी तो जिल जिलचं नाव घेईल. गावोगाव फिरणाऱ्या कंपनीतल्या नटीची हौस, तिचं थोडं उथळपण, आणि आपली कला मोठ्या कलेपुढे लहान आहे हे कळण्याइतकी तिची समज, हे सगळं तिथं आहे. तंबूतल्या नाटकांतून आलेली बाई तंबूतल्या नटीचं काम करत होती. त्या कॅरॅक्टरची टिंगल करणं फार सोपं होतं. मनोरमानं लोकांना तिच्यावर हसू दिलं, पण तिला हलकी होऊ दिली नाही.

दुसरी एक भूमिका मला तिच्याहून अवघड वाटते. ‘नडिगन’ (१९९०). सत्यराज तरुण आहे आणि नोकरीसाठी म्हाताऱ्याचं सोंग घेतो. घरातली कडक, अविवाहित, वय झालेली बाई त्या सोंगाच्या प्रेमात पडते. कथा ओळखीची वाटली ना? शम्मी कपूरचा ‘प्रोफेसर’ (१९६२). आणि तिथं ही भूमिका कुणी केली होती? आपल्या ललिता पवारांनी. १९४२ साली चित्रीकरणात बसलेल्या थपडेनं ललिताबाईंचा चेहरा आणि डावा डोळा अधू झाला, नायिकेची कारकीर्द तिथंच थांबली आणि मग चार दशकं त्या सासू, आत्या, मावशी होत राहिल्या. एकीला अपघातानं कडेला बसवलं, दुसरीला सल्ल्यानं. दोघींनाही म्हातारपणी पडद्यावर प्रेमात पडायचा प्रसंग मिळाला तो फसवणुकीच्या गोष्टीत, आणि लोकांनी हसावं म्हणून. दोन्ही चित्रपट मी पाहिले आहेत. ललिताबाईंनी आरशासमोर नटताना आणि मनोरमानं लाजताना जे केलं, त्यावर थिएटर हसतं खरं. पण त्या हसण्यात मला तरी एका क्षणाला लाज वाटली होती.

आता १९९६ ची गोष्ट. त्या वर्षी तमिळनाडूत विधानसभेच्या निवडणुका होत्या. रजनीकांतनं (आपल्या शिवाजीराव गायकवाडांनी) जयललितांच्या विरोधात आघाडीला पाठिंबा दिला. मनोरमा जयललितांच्या बाजूनं प्रचाराला उतरली आणि व्यासपीठावरून रजनीकांतवर फार कडक बोलली. जयललितांचा पक्ष साफ आपटला. त्यानंतर मनोरमाला काम मिळेना. रजनीकांतला राग येईल म्हणून निर्माते तिला घेईनात. शेवटी रजनीकांतनंच आपल्या ‘अरुणाचलम’मध्ये (१९९७) तिला भूमिका दिली आणि तिची चाकं पुन्हा सुरू झाली.

ही गोष्ट मी आजवर अनेकांच्या तोंडून ऐकली आहे आणि प्रत्येकानं ती रजनीकांतच्या मोठेपणाची म्हणून सांगितली. त्याचा मोठेपणा मला मान्य आहे. तोंडावर बोललेलं विसरणं सोपं नसतं. पण जरा उलट्या बाजूनं पाहा. चार दशकं पडद्यावर असलेली बाई. अण्णादुराई आणि करुणानिधी यांच्याबरोबर रंगभूमीवर, एमजीआर, जयललिता, एन. टी. रामाराव यांच्याबरोबर पडद्यावर, अशी पाच मुख्यमंत्र्यांबरोबर काम केलेली. हजार चित्रपट, गिनेस बुक, राष्ट्रीय पारितोषिक. आणि ती एका प्रचारसभेतल्या भाषणानं बेकार होते, आणि ज्याच्याविरुद्ध बोलली त्याच्याच दयेनं पुन्हा कामाला लागते. नायकांनी राजकारणात काय काय केलं, कुणाला काय काय म्हटलं, त्यांची चित्रपटातली जागा कुणी काढून घेतली? हजार नोंदींचं पासबुक होतं, पण शिल्लक किती होती हे त्या वर्षी दिसलं. तुकड्यांवर जगणाऱ्याला पुढचा तुकडा कोण देणार याची काळजी शेवटपर्यंत करावी लागते.

माझ्या या मताला विरोध करणारे आहेत, आणि त्यांत आमचे हेड कॅशियरही आहेत. त्यांचं म्हणणं, तिला कशाचीच कमी नव्हती. ‘पुदिय पादै’साठी (१९८९) सहायक अभिनेत्रीचं राष्ट्रीय पारितोषिक मिळालं, २००२ मध्ये पद्मश्री मिळाली, ती गेली तेव्हा मुख्यमंत्री जयललिता स्वतः अंत्यदर्शनाला आल्या, करुणानिधी आले, रजनीकांत, कमल हासन आले. आयुष्यभर एकमेकांचं तोंड न पाहणारी माणसं एकाच दिवशी एकाच दारात आली, हा मान कुठल्या नायिकेला मिळाला? यावर माझ्याकडे चटकन उत्तर नाही. मान मोठा होता. तरीही, तिला मध्यभागी ठेवून, तिच्यासाठी म्हणून लिहिलेले चित्रपट हजारांत किती, असं मी त्यांना विचारलं तेव्हा ते फोनवर बराच वेळ मोजत राहिले आणि मग विषय बदलून माझ्या गुडघ्यांची चौकशी करू लागले.

गेल्या दिवाळीत मुलानं आमच्या टीव्हीवर यूट्यूब लावून दिलं. एका दुपारी मी ‘सिन्न गौंडर’ शोधून काढला. विजयकांतचा चित्रपट, नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीचा. त्यात मनोरमा त्याची आई आहे. दात पुढे आलेले, पदर खोचलेला, तोंडाचा पट्टा चालू. खाली इंग्रजी अक्षरं येत नव्हती. सौ. भाजी निवडत शेजारी बसली होती. पंधरा-वीस मिनिटांनी तिनं हातातली गवार खाली ठेवली आणि म्हणाली, ‘‘अहो, ही बाई शेतावरची आहे. आमच्या कागलच्या आत्या अश्शाच बोलायच्या.’’

‘‘तुला तमिळ कधीपासून कळायला लागलं?’’

‘‘तमिळ कुठं कळतंय? पण ती शब्द कसा ओढतेय बघा की. शहरातली नव्हे ती. कुठली हो?’’

मला सांगता येईना. मी चेन्नईला फोन लावला. हेड कॅशियर आता पंच्याऐंशीच्या पुढे गेले आहेत, कानाला यंत्र आहे. मी फोन टीव्हीजवळ धरला. दोन वाक्यं झाली असतील नसतील, तिकडून त्यांचा खोकत खोकत हसण्याचा आवाज आला.

‘‘कोंगू, सार! कोइम्बतूर साइड. अब थोडा व्हॉल्यूम बढाइये.’’